‘होतं तसंच’ म्हणजे नेमकं कोणत्या सालचं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उभ्या राहिल्या. लगेच मागणी सुरू झाली, होतं तसंच पुन्हा बांधा.

यामागची भावना खरी आहे. पण संशोधन करणाऱ्याने विचारायला हवं, ‘होतं तसं’ म्हणजे कधीचं?

१९१५ मध्ये शाहू महाराजांनी हे बांधलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान. म्हणजे पैलवान आणि गायक नट, दोघांनाही दरबारचा आश्रय अगदी लागून मिळालेला. काळ संगीत नाटकाचा, माइक नव्हता. गळ्यातला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे, ही तेव्हाची गरज.

१९५७ मध्ये नाव बदललं. राजवाड्याची ओळख गेली, नटाची आली. पुढे महापालिकेच्या ताब्यात इथे व्यावसायिक नाटकं झाली, राज्य नाट्य स्पर्धा झाल्या, गाण्यांचे कार्यक्रम झाले. मध्ये नूतनीकरणही झालं. म्हणजे आगीत जे गेलं ते १९१५ चं जसंच्या तसं नव्हतंच.

आपण वारसा वास्तूंवर लिहितो तेव्हा इथेच घसरतो. बांधणाऱ्यावर आणि दगडावर पानंच्या पानं, आणि वापरावर शेवटचा एक परिच्छेद. मग वास्तू एकाच सालात गोठते.

माझं मत विचाराल तर उरलेल्या भिंती जपाव्यात, कारण त्या पुरावा आहेत. आत मात्र १९१५ चा देखावा उभा करू नये. जपायच्या गोष्टी दोन: संवाद शेवटच्या रांगेत नीट ऐकू येणं, आणि गावातल्या हौशी संस्थेला परवडणाऱ्या भाड्यात तारीख मिळणं. दुसरी गोष्ट हुकली तर भिंती राहतील, पण नाट्यगृह राहणार नाही.

तुम्ही अशा एखाद्या वास्तूवर काम करणार असाल तर कोनशिला वाचाच. पण त्याच दिवशी बुकिंगचं रजिस्टर आणि भाड्याचे जुने दरही मागून बघा. वास्तू कुणाची होती, हे तिथेच जास्त कळतं.