अद्भुताचे सहवाचन : मराठी विज्ञानकथा आणि तिचा वाचक

मराठी विज्ञानकथेविषयी आपल्या समीक्षेने आजवर प्रामुख्याने दोनच प्रश्न विचारले आहेत. तीत आलेले विज्ञान बिनचूक आहे काय, हा एक. आणि ती ललित वाङ्मय या संज्ञेस पात्र ठरते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारावा, दुसरा साहित्याच्या अध्यापकांनी विचारावा, आणि दोहोंची उत्तरे मिळाली की विषय संपला असे समजावे, अशी जणू वहिवाट पडून गेली आहे. ज्याच्या हाती हे वाङ्मय प्रत्यक्ष असते तो वाचक ते कसे वाचतो, कोणास वाचावयास देतो आणि देताना काय बोलतो, याची विचारपूस करण्याचे कारण आपणांस भासलेले नाही.

हा विचार मनात येण्यास एक लहानसे निमित्त घडले. आष्ट्याहून आमच्याकडे येणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने विज्ञानकथासंग्रहाची एक जुनी प्रत दाखविली. ती गावात बऱ्याच हातांतून फिरलेली होती. कथेच्या शेवटाआधीच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते : "इथे थांब. आधी मला भेट." खाली दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर होते : "थांबलो नाही." मला हे दोन शेरे आपल्या अनेक परीक्षणांपेक्षा अधिक मार्मिक वाटले. पहिल्या वाचकास कथेचा मर्मबिंदू अचूक सापडला होता. आणि तेथे पोहोचल्यावर एकट्याने पुढे जाऊ नये, अशी त्याची इच्छा होती. अद्भुताचा अनुभव दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिल्याखेरीज पुरा होत नाही, ही त्यामागची जाणीव आहे.

ही जाणीव आपल्याकडे नवी नव्हे. श्रीधराचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ चातुर्मासात गावोगाव वाचले जात, तेव्हा एक वाचणारा व भोवती ऐकणारे अशीच त्या वाचनाची रचना असे. कथा सर्वांना ठाऊक असे; तरीही कालियामर्दनाच्या प्रसंगी श्रोते सावरून बसत. अद्भुत हे मुळात चारचौघांत सेवन करण्याचे द्रव्य होते. छापील पुस्तक आले आणि वाचक एकटा पडला. अरबी कथांची भाषांतरे आणि 'मंजुघोषे'सारख्या कादंबऱ्या एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाल्या, परंतु त्यांचे वाचन बहुधा माजघरात, काहीसे चोरूनच होई. पुढे वास्तववादाचा दबदबा वाढल्यावर अद्भुतरम्य या शब्दासच कमीपणाचा वास येऊ लागला.

एकट्या पडलेल्या या वाचकास सोबत पुन्हा मिळवून दिली ती मासिकांनी. येथे आमच्या भागाचा अभिमान बाळगावा असा एक दाखला आहे. कऱ्हाडजवळील टेंभू या गावचे कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनमध्ये राहून 'केरळ कोकिळ' या मासिकाचे संपादन करीत. १९०० साली त्यांनी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद या मासिकातून क्रमशः देण्यास प्रारंभ केला. मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ येथून धरण्याचा प्रघात आहे. टेंभू आणि आष्टा ही दोन्ही गावे त्या काळी एकाच सातारा जिल्ह्यात होती. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ साली, आणि त्यास सांगली हे नाव मिळाले १९६० साली. कृष्णाकाठच्या माणसाने मलबारच्या किनाऱ्यावर बसून फ्रेंच लेखकाचा चंद्र मराठी वाचकांच्या दारी आणावा, हा योग मोठा विलक्षण खरा. परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द 'क्रमशः' हा आहे. अपुऱ्या राहिलेल्या प्रकरणानंतर महिनाभर वाट पाहावी लागते, आणि त्या महिन्यात वाचकास दुसऱ्या वाचकाशी बोलण्याखेरीज गत्यंतर नसते. तोफेतून सुटलेला गोळा चंद्रावर पोहोचेल काय, या शंकेचे खरे घर पुस्तकात नसून दोन वर्गणीदारांमधील ओटीवर असते.

अमेरिकेत हीच गोष्ट पुढे अधिक योजनापूर्वक घडली. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. परिणाम असा झाला की वाचक संपादकास सोडून परस्परांस लिहू लागले. त्यातून मंडळे निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे जागतिक म्हणविणारे संमेलन भरले. पुढील पिढीतील कित्येक लेखक या पत्रलेखकांतूनच आले. ऑक्सफर्ड येथे टॉल्किन आपली अपुरी प्रकरणे सी. एस. लुइसच्या खोलीत मित्रांना वाचून दाखवीत असे, तेही सहवाचनच. फक्त तेथे श्रोते विद्वान होते.

मराठीत असे मंडळ उभे राहिले नाही, असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाचा वाचकवर्ग आणि पुढे नारायण धारपांचा वाचकवर्ग हे दोन्ही परस्परांस ओळखणारे वर्ग होते. ग्रंथालयात धारपांचे पुस्तक परत करणाऱ्याभोवती पुढचा वाचक घुटमळत असावयाचा. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या, त्याही मुलांनी एकमेकांस सांगूनच पसरविल्या. परंतु या वाचकांच्या बोलण्याची नोंद कोणी केली नाही. धारपांवर विद्यापीठीय समीक्षेने किती पृष्ठे खर्ची घातली, हे शोधावयास गेल्यास आपणांस संकोच वाटेल.

जयंत नारळीकरांची हकीकत निराळी असली तरी आपल्या मुद्द्यास पोषकच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहविली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कीर्तिमान शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन काढून ठेवून केवळ वाचकांसमोर उभे राहावे, यात या वाङ्मयप्रकाराविषयीचा केवढा आदर आहे! त्यानंतर 'किर्लोस्कर' मासिकाने त्यांस लिहिते ठेवले. हे मासिक १९२० साली आष्ट्यापासून फार दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीस जन्मले होते आणि पुढे पुण्यास गेले. १९७५ साली कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या वाटेची आवर्जून दखल घेतली. लोककथेच्या एवढ्या थोर अभ्यासक बाईंना विज्ञानकथेचे मोल प्रथम जाणवावे, हा मला योगायोग वाटत नाही. कथा तोंडातोंडी कशी जगते, हे त्यांना ठाऊक होते.

नारळीकरांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यांच्या कथेत एक पात्र दुसऱ्यास विज्ञान समजावून देते, आणि तेवढ्यापुरती कथा थांबते, असा तो आक्षेप आहे. तो पुष्कळ ठिकाणी लागू पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने नीट वाचावी. प्राध्यापक गायतोंडे यांस अपघात होतो आणि ते अशा एका जगात जाऊन पोहोचतात की जेथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. ते मुंबईच्या टाऊन हॉलमधील ग्रंथालयात जातात, इतिहासग्रंथ चाळतात, आणि फरक नेमका कोठे पडला ते एका बखरीत शोधून काढतात : विश्वासरावांना लागावयाची गोळी तेथे निसटून गेली आहे. पुढे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते व्यासपीठावर चढतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची चाल मोडीत काढलेली असते; श्रोते त्यांची जी संभावना करतात ती आम्हा अध्यापकांनी अंतर्मुख होऊन वाचावी. आपल्या जगात परतल्यावर त्यांच्या खिशात उरते ते त्या बखरीचे एक फाटके पान.

हे पान ते कोणास दाखवितात? राजेंद्र देशपांडे या मित्रास. राजेंद्र आधी हे सारे मनाचे खेळ म्हणून झटकून टाकतो. पान हाती आल्यावर ते मूळ बखरीशी ताडून पाहतो. मग प्रलयसिद्धांत व पुंजवाद यांच्या आधारे स्पष्टीकरण देऊ लागतो. म्हणजे येथे विज्ञानाचा उतारा कथेस थांबवीत नाही. दोन वाचकांपैकी एकाने दुसऱ्यास एक पान दिले आहे, दुसऱ्याने शंका घेतली आहे, आणि त्या शंकेच्या पोटी स्पष्टीकरण जन्मले आहे. संपूर्ण कथा हीच एका सहवाचनाची हकीकत आहे.

यावरून एक कसोटी सुचवावीशी वाटते. विज्ञानकथेतील स्पष्टीकरण रसभंग करते की नाही, हे त्याच्या लांबीवर ठरत नसून, ऐकणाऱ्या पात्रास नाही म्हणण्याचा अधिकार आहे की नाही यावर ठरते. राजेंद्रास तो अधिकार होता. नारळीकरांच्या पावलांवर पाऊल टाकणाऱ्या अनेकांच्या कथांत ऐकणारा केवळ मान डोलावितो, आणि मग कथेची शिकवणी होते. ही कसोटी बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांस लावून पाहण्याजोगी आहे. माझ्या वाचनात जावडेकरांचे ऐकणारे सर्वांत हट्टी निघाले.

आजच्या विद्यार्थ्यांपुढे अडचण निराळी आहे. हॅरी पॉटर मराठीत आला आहे, टॉल्किन ते इंग्रजीतून वाचतात, आणि कधीकधी या वाचनाविषयी चर्चासत्रांतील कित्येक निबंधांहून चुरचुरीत बोलतात. परंतु तेच बोलणे मराठीत लिहावयास सांगितले की लेखणी अडखळते. अद्भुतिका, कल्पितकथा, विज्ञानरंजन हे शब्द कोशात आहेत, परंतु त्यांच्या जिभेवर नाहीत. हे शब्द वर्गात शिकवून जिभेवर येतील असे मला वाटत नाही. पुस्तक देताघेताना ते बोलले गेले पाहिजेत. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, आणि बहुतेकांनी शास्त्रज्ञास वंदन केले. त्यांची एखादी कथा वाचून झाल्यावर ती कोणास द्यावीशी वाटली, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले.

१९६७ च्या कायद्यानुसार अनुदान मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. दिवाळी अंकांची वर्गणी भरून अंक फिरविण्याची पद्धतही बहुतेक ठिकाणी चालू आहे. या फिरत्या प्रतींच्या समासांत वाचकांनी काय काय लिहून ठेवले आहे, ते एखाद्या विद्यार्थ्याने उतरून काढावे. आष्ट्याच्या त्या प्रतीपासून आरंभ करता येईल. ती सध्या माझ्याकडे आहे, आणि परत मागण्यास तिचा तिसरा वाचक दोनदा येऊन गेला आहे.