भर घातली तर पंधरा, तपासले तर एक

शीळफाट्यावर उतरून पत्ता विचारला की खूण सांगतात. अमुक वजनकाट्याच्या पुढे, तमुक टायरवाल्याच्या मागे. मुंब्रा, पनवेल, कल्याण आणि महापे अशा चारी दिशांची वाहने इथे एकमेकांत अडकतात. गावाच्या नावावरही एकमत नाही. एका पाटीवर शीळ, दुसरीवर शिळ. शेजारची १४ गावे तर नवी मुंबई महापालिकेत गेली, बाहेर आली, पुन्हा आत घेतली गेली. गाळे, गोदामे, दवाखाने आज उघडतात आणि वर्षभरात उठतात. अशा ठिकाणी मोबाइलमधल्या नकाशावाचून माणसाचे अडते, आणि तो नकाशा बराचसा तुमच्याआमच्यासारखे लोकच फुकट भरतात.

मीही भरला. गुगल मॅप्सच्या ‘लोकल गाइड्स’ योजनेत नाव घातले तेव्हा मनात गावाच्या उपयोगी पडावे एवढेच होते, असे मला अजून वाटते. त्या योजनेचे कोष्टक असे : नवी जागा नोंदवली तर १५ गुण, परीक्षण लिहिले तर १०, छायाचित्राला ५, दुरुस्तीला ५. आणि दुसऱ्याने दिलेली माहिती खरी की खोटी हे तपासून सांगितले तर १. २५० गुण झाले की चौथा स्तर आणि नावाशेजारी बिल्ला. दहाव्या स्तरासाठी १ लाख.

हे कोष्टक मी गुण मिळवण्यासाठी अनेकदा पाहिले, पण वाचले फार उशिरा. कोष्टक हाही एक मजकूरच असतो. कोणत्या कामाला काय किंमत, हे त्यात कुणीतरी ठरवून लिहिलेले असते. नकाशा रिकामा असताना नव्या नोंदीला जास्त मोल देणे समजू शकते. पण शीळफाट्याचा नकाशा आता ओसंडून वाहतो आहे. इथे गरज आहे ती उठून गेलेले दुकान पुसणाऱ्याची आणि आहे ते आहे ना हे जाऊन पाहणाऱ्याची. त्याच्या वाट्याला सर्वांत कमी.

याचा परिणाम माझ्यावर काय झाला, ते लिहिणे भाग आहे. ज्या हॉटेलात फक्त चहा प्यायलो, तिथल्या जेवणावर मी लिहिले. एकदा बसच्या खिडकीतून एका दवाखान्याची पाटी दिसली. फोटो काढला, नोंद केली. १५ अधिक ५, झाले २०. पाटी होती, पण डॉक्टर केव्हाच जागा सोडून गेले होते. काही महिन्यांनी आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ आईला धाप लागली म्हणून रात्री नकाशा पाहत तिथे गेले. शटर बंद. दुसरीकडे पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. आजी बऱ्या झाल्या. ती नोंद कोणाची होती हे त्यांना कधी कळले नाही. मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी ती काढायला लावली.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. तेव्हा संशोधन हा शब्द सवलतीने घ्यावा.

न्यायाचा प्रश्न ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर सर्वांत उघडपणे दिसतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांचे हे प्रश्नोत्तरांचे संस्थळ २००८ साली सुरू झाले. तिथे उत्तर कुणाला पटले तर उत्तर देणाऱ्याला १० गुण आणि प्रश्न पटला तर विचारणाऱ्याला ५, असा भाव अनेक वर्षे चालला. नोव्हेंबर २०१९मध्ये प्रश्नाचेही १० केले आणि जुन्या प्रश्नांचा हिशेबही नव्याने मांडला. म्हणजे एका रात्रीत कित्येकांची प्रतिष्ठा वाढली आणि त्यांनी त्या रात्री काहीही केले नव्हते! जुन्या जाणत्यांना हे खटकले. मला मात्र तो निर्णय पटतो. चांगला प्रश्न विचारणारा अडाणी असतो, हा समज मोडायलाच हवा होता. पण मग प्रतिष्ठा ही माणसाची की कोष्टकाची, हे कोडे उरतेच.

गुणांमुळे काम वाढते का? वाढते, हे मान्य करायला हवे. याच संस्थळाच्या नोंदींवरून अँडरसन, हटनलॉकर, क्लाइनबर्ग आणि लेस्कोवेक या चौघांनी २०१३ साली दाखवले की बिल्ला जवळ आला की माणसे त्या कामाला जोर लावतात आणि मिळाला की तो जोर ओसरतो. माझीही पाचव्या स्तरानंतरची नोंदवही अशीच कोरी आहे.

‘स्लॅशडॉट’ने यावर जुनाच एक उपाय केला होता. सदस्याचा ‘कर्म’ नावाचा आकडा दाखवणे त्यांनी बंद केले आणि त्याजागी वाईट, बरे, उत्तम असे शब्द ठेवले, कारण लोक तो आकडा खेळातल्या धावसंख्येसारखा वाढवत बसले होते. आपल्याकडे ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावर प्रतिसादाला मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, खवचट, निरर्थक अशा श्रेणी देता येतात. मला ही मराठी सोय फार आवडते. मार्मिक म्हणणाऱ्याला निदान वाचावे तरी लागते. (खवचट ही शिवी की शाबासकी, हे मराठी माणूस दुसऱ्याच्या सुरावरून ठरवतो, तो सूर पडद्यावर उमटत नाही.)

रेस्टिव्हो आणि व्हॅन द राइट यांचा २०१२चा प्रयोग याहून बोलका आहे. इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक राबणाऱ्या १ टक्का संपादकांतून त्यांनी २०० जण निवडले आणि निम्म्यांना ‘बार्नस्टार’ दिला. हा एका संपादकाने दुसऱ्याच्या पानावर ठेवायचा कौतुकाचा तारा. त्याला गुण नाहीत, स्तर नाहीत. पुढच्या ९० दिवसांत तारा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी अधिक भरले. मात्र हे सारे आधीच झपाटलेले लोक होते. नवख्याला पाठीवर हात पुरतो की आकडा लागतो, हे त्यातून ठरत नाही. या प्रयोगाचा हवाला देणारे ही मर्यादा सहसा विसरतात.

माझी अडचण याही पलीकडची आहे. शीळफाट्याच्या रिक्षाथांब्यावर एक काका बसतात. कोणता गाळा कधी उठला, कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात. दवाखान्याच्या त्या प्रकारानंतर मी त्यांना विचारल्याशिवाय काही नोंदवत नाही. एकदा त्यांनी माझ्या मोबाइलवर ते स्तर पाहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे मास्तर, सांगायचं आम्ही आणि मार्क तुम्हाला?’

मी त्यांना त्यांचे खाते उघडून देतो म्हणालो. त्यांनी हात झटकला. ‘गाडी कोण चालवेल मग?’

आता आमचे असे ठरले आहे. ते आठवड्याची यादी सांगतात, मी वहीत उतरवतो आणि प्रत्येक जागी स्वतः जाऊन पाहतो. गेल्या खेपेला ११ जागा होत्या. ४ बंद निघाल्या, एकीने नाव बदलले होते. डायघरच्या बाजूच्या दोन पाहायच्या राहिल्या आहेत. काका म्हणतात दुपारी जाऊ, तेव्हा रस्ता जरा मोकळा असतो.