शिरोरेषा आणि नजरेची वाट

देवनागरी पानावर नजरेचा पहिला वाटाड्या म्हणजे शिरोरेषा. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही; तो उड्या घेतो आणि प्रत्येक मुक्कामी साधारण पाव सेकंद टेकतो. शब्दांच्या माथ्यावरची रेघ या उड्यांना दिशा देते. ती तुटते तिथे शब्द संपतो. म्हणूनच मथळा ऐसपैस दिसावा या हौसेने अक्षरांमधले अंतर वाढवले, की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द विखुरतो. रोमन लिपीत शोभणारी ही युक्ती मराठी फलकांवर आणि मुखपृष्ठांवर हल्ली वारंवार दिसते. तिथे वाचकाला शब्द मनातल्या मनात पुन्हा जुळवावा लागतो.

रोमनसारखी मोठी आणि लहान अक्षरे देवनागरीत नाहीत. मजकुराला उठाव द्यायचा तो आकार, जाडी, रंग आणि कोरी जागा यांच्याच बळावर. शिवाय वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला, की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. पुढची ओळ कोणती, हेच डोळ्याला चटकन कळत नाही.

या लिपीतून नजर कशी न्यावी, याचा सर्वांत भरीव धडा कमल शेडगे यांच्या नाट्यजाहिरातींत आहे. वर्तमानपत्राची छोटी चौकट, एकच काळी शाई, शेजारी इतर नाटकांची दाटी. अशा जागेत शेडगे नाटकाच्या नावालाच चित्राचे रूप देत. अक्षरांचे वळण आणि जाडी त्या नाटकाच्या स्वभावातून येई, आणि नाव वाचण्याआधीच नाटक गंभीर की हलकेफुलके याचा अंदाज येई. नजर आधी नावावर थबके, मग नाटककार-कलावंतांकडे उतरे आणि शेवटी नाट्यगृह व वेळेपाशी पोहोचे. इतक्या कमी जागेत इतका स्वच्छ क्रम साधणे ही मोठीच कामगिरी होती.

आज साधनांची उणीव नाही. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोहोचला. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’मध्ये सर्वांत बारीक ते सर्वांत ठळक अशा 7 जाड्या मिळतात. एवढ्या जाड्या हाताशी असताना गौण आणि मुख्य मजकूर वेगळा दाखवायला सजावट लागतच नाही. तरी चौकातल्या फ्लेक्सवर छायाचित्रे, नावे आणि शुभेच्छा सगळेच मोठे, सगळेच रंगीत असते. सगळेच पुढे सरसावले, की नजरेला शिरायला दारच उरत नाही.

मोबाइलच्या पडद्याने प्रश्न आणखी अवघड केला आहे. मराठी शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये चिकटून येतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ एवढा एकच शब्द अरुंद ओळीचा मोठा भाग व्यापतो. अशा ओळी दोन्ही कडांना जुळवल्या, की शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात आणि नजर ओळ सोडून त्यांतून खाली घसरते. उजवी कड मोकळी सोडली, की शब्दांमधले अंतर सारखे राहते आणि ओळ हातची सुटत नाही.