पायाखालची जमीन

फ्रेडरिक चर्च यांचं 'नायगारा' (१८५७) म्हणजे तरुण अमेरिकेच्या सामर्थ्याचं प्रतीक, असं सांगितलं जातं. मला हे वाचन अपुरं वाटतं. निसर्गचित्रात पाहणाऱ्याला उभं राहायला सहसा खडक, झाड, एखादी वाट असते. सव्वादोन मीटरहून रुंद असलेल्या या चित्रात चर्च यांनी काठच ठेवलेला नाही. कॅनडाच्या बाजूनं आपण थेट पाण्यावर, कड्याच्या तोंडाशी. समोर एक बोडकं खोड प्रवाहात सापडलंय. नोहाला देवानं दिलेल्या वचनाची खूण असलेलं इंद्रधनुष्यसुद्धा इथं तुटक आहे. चारच वर्षांनी यादवी युद्ध पेटलं. चर्च यांना ते आधीच दिसलं होतं, असं मी म्हणणार नाही. पण या पाण्यापुढे अभिमान वाटण्याआधी माझ्या पोटात खड्डा पडतो.