भास्कराचार्यांचे ‘उत्थापन’

एका समीकरणातून एका अव्यक्ताची किंमत काढून ती दुसऱ्यात घालण्याची, हडपसरच्या शाळांतूनही शिकविली जाणारी रीत भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) जशीच्या तशी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा.

एक म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन; दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. ‘अनेकवर्णा’त आचार्य दोन्ही अटींतून यावत्तावताची मिती काढून त्या दोन मिती समान मांडतात. ही तुलना झाली. तीवरून कालक १७० येतो. मग तो मागे घालून यावत्तावत् ४०. ‘उत्थापन’ ते एवढ्या परतीच्या वाटेलाच म्हणतात.

‘एकवर्णा’त मात्र हेच उदाहरण निराळ्या रीतीने सुटते. तेथे धनेच अशी कल्पिली आहेत (पहिल्याचे दोन यावत्तावत् उणे शंभर, दुसऱ्याचे एक यावत्तावत् अधिक शंभर) की पहिली अट आपोआप पुरी व्हावी. उरलेल्या एका समीकरणातून यावत्तावत् ७० येते. आजच्या रीतीशी खरे नाते या कल्पनेचे आहे, आणि तिच्यासाठी आचार्यांचे सूत्रही आहे. मात्र नेमकी कल्पना ते गणकाच्या बुद्धीवर सोडते.