नोंदींचे वेळापत्रक आणि पुराव्याचा प्रश्न : बॅकनेटमधील ‘ट्रेंड लॉग’ची चिकित्सा

मोठ्या इमारतींतील वातानुकूलन, पंप, प्रकाशयोजना व वीजमापन यांचे नियंत्रण ज्या संगणकीय व्यवस्थेद्वारे केले जाते, तिला इमारत व्यवस्थापन प्रणाली, व्यवहारात ‘बीएमएस’, असे संबोधले जाते. या प्रणालीच्या संदर्भात ऊर्जाबचत व स्वयंचलन यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. मात्र प्रणालीने जे पाहिले त्यातील किती भाग ती जपून ठेवते, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात बॅकनेट या मानकातील ‘ट्रेंड लॉग’ या घटकाची याच दृष्टीने चिकित्सा करावयाची आहे. नोंदींचे वेळापत्रक ठरविणे म्हणजे उद्या कोणता पुरावा उपलब्ध असेल हे आजच ठरविणे होय, असे येथील प्रतिपादन आहे.

बॅकनेटचे काम अमेरिकेतील अ‍ॅश्रे या संस्थेच्या समितीने १९८७ मध्ये हाती घेतले. १९९५ मध्ये मानक प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्यास आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. निरनिराळ्या उत्पादकांच्या नियंत्रकांना परस्परांशी बोलता यावे, हा त्यामागील हेतू होता. ट्रेंड लॉग हा घटक एखाद्या मूल्याची, उदाहरणार्थ हवेच्या तापमानाची, वेळेसह नोंद करून ती साठ्यात ठेवतो. नोंद ठरावीक अंतराने करावी, मूल्य बदलल्यावर करावी की बाहेरून सूचना मिळाल्यावर, हे आधी निश्चित करावे लागते. ठरावीक अंतर मानकात सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिले जाते, त्यामुळे १५ मिनिटे म्हणजे ९०,००० हा आकडा होतो.

हे १५ मिनिटांचे अंतर अनेक ठिकाणी विचार न करता सर्वच बिंदूंना लावलेले आढळते. विजेच्या मापकासाठी ते योग्यच आहे. भारतातील वीजपुरवठ्याचे वेळापत्रकही १५ मिनिटांच्या कालखंडांत आखले जाते. परंतु थंड पाण्याच्या व्हॉल्व्हचे काय? समजा, नियंत्रणातील दोषामुळे एखादा व्हॉल्व्ह दर ५ मिनिटांनी उघडझाप करीत आहे. १५ मिनिटांनी घेतलेली प्रत्येक नोंद त्या आंदोलनाच्या एकाच टप्प्यावर पडेल आणि आलेखावर सरळ, निरोगी रेषा उमटेल. येथे नोंद अपुरी आहे एवढेच म्हणून भागत नाही. ती चक्क खोटी साक्ष देते. असे आंदोलन पकडावयाचे तर नोंदींतील अंतर अडीच मिनिटांपेक्षा कमी हवे. पंप सुरू-बंद होण्याच्या बाबतीत तर ठरावीक अंतराचा आग्रहच सोडून बदल होताच नोंद करणे इष्ट.

अंतर कमी केले की साठ्याचा प्रश्न उभा राहतो. १,००० नोंदींचा साठा १५ मिनिटांच्या अंतराने १० दिवस १० तास पुरतो, तर एका मिनिटाच्या अंतराने अवघे १६ तास ४० मिनिटे. साठा भरल्यावर काय करावे याचे दोन पर्याय मानक देते : नोंद थांबवावी किंवा जुन्या नोंदींवर नव्या लिहाव्यात. पहिल्यात आरंभ जपला जातो व वर्तमान हरवते, दुसऱ्यात याच्या उलट. ठरावीक संख्येने नव्या नोंदी जमल्या की तशी सूचना देण्याची तरतूदही मानकात आहे. तिच्या आधारे मुख्य संगणकाने साठा वेळीच उचलून घ्यावा, अशी अपेक्षा असते. ही तरतूद कार्यान्वित केली नसेल, तर तीन आठवड्यांपूर्वीच्या तक्रारीची चौकशी करताना हाती काहीच लागत नाही.

मानकाची एक बाजू मात्र निःसंशय प्रशंसनीय आहे. नोंद बंद केली गेली, खंडित झाली, साठा पुसला गेला, घड्याळ बदलले, वाचन अयशस्वी झाले, या घटना ट्रेंड लॉग स्वतःच्याच साठ्यात लिहितो. शिफ्ट संपताना तासातासाचे आकडे एकदम भरले जाणारी प्लँट रूममधील वही असा कबुलीजबाब कधी देत नाही! दुर्दैवाने आलेख काढणारी साधने पुष्कळदा खंडाच्या दोन्ही टोकांना रेषेने जोडून टाकतात आणि मानकाने राखलेला प्रामाणिकपणा पडद्यावर नाहीसा होतो.

अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीच्या ‘री-ट्यूनिंग’ पद्धतीत इमारतीची प्रत्यक्ष पाहणी करण्यापूर्वी ट्रेंड नोंदींचा अभ्यास केला जातो. म्हणजे आधी शंका, मग तिला साजेशी नोंद आणि नंतर फेरी. आपल्याकडील प्रचलित क्रम उलटा दिसतो. इमारत हस्तांतरित होण्यापूर्वी, कोणतीही तक्रार उद्भवण्याआधी, कंत्राटदाराचा अभियंता अंतर व साठा ठरवितो. कागदपत्रांत त्याचे कारण लिहिलेले नसते. पुढे वर्षभराने शस्त्रक्रियागृहातील तापमान अमुक रात्री का वाढले, अशी विचारणा होते. तोपर्यंत तो अभियंता दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो, त्या रात्रीच्या नोंदींवर नव्या नोंदी चढलेल्या असतात, आणि चौकशी समितीपुढे उरते ती केवळ रात्रपाळीच्या ऑपरेटरची हस्तलिखित वही व तीवरील त्याची स्वाक्षरी.