मृतांची अब्रू आणि चित्रपटकारांची मुभा

भोपाळच्या वायुकांडावरील ‘द रेल्वे मेन’ ही मालिका २०२३ च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा तिच्या निर्मितीमूल्यांचे जे कौतुक झाले त्यात वावगे काही नव्हते. परंतु ज्या गुलाम दस्तगीर नामक स्टेशन-अधिकाऱ्याने ३ डिसेंबर १९८४ च्या त्या मध्यरात्रीनंतर प्रवाशांनी भरलेली गोरखपूर–कानपूर एक्सप्रेस नियोजित वेळेआधीच मार्गस्थ केली, त्याचे कर्तृत्व पडद्यावर इफ्तेखार सिद्दीकी या नावाने वावरावे, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून शिपायाच्या वेशात तिजोरी लुटावयास आलेला एक कल्पित दरोडेखोर झुंजावा, हे पाहून मन उद्विग्न झाले. कृत्य खरे असताना नाव का बदलावे?

याउलट ‘काला पत्थर’ने चासनाळ्याच्या खाण-दुर्घटनेचे नाव-गाव सारेच बदलले, तेव्हा त्याच्याकडे इतिहासाचा जाब मागण्यात अर्थ नाही. विमान-अपघातावरील ‘सली’ने नाट्याला प्रतिपक्ष हवा म्हणून आपले कर्तव्य बजावणाऱ्या चौकशी मंडळालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ‘चेर्नोबिल’ मालिकेने मात्र अनेक शास्त्रज्ञांच्या वतीने एक कल्पित स्त्री-शास्त्रज्ञ निर्माण केली आणि अखेरीस तशी स्पष्ट कबुली दिली, हे सचोटीचे वर्तन होय.

माझ्या मते खऱ्या दुर्घटनांवरील चित्रपटांचा आदर्श आजही १९५८ चा ‘अ नाइट टु रिमेंबर’ हाच आहे. वॉल्टर लॉर्ड यांनी वाचलेल्या प्रवाशांना भेटून, त्यांच्या हकिगती जुळवून लिहिलेल्या ग्रंथाचा त्याला आधार, आणि टायटॅनिकवरचा चौथा अधिकारी बॉक्सहॉल स्वतः सल्लागार; त्यामुळे त्यात प्रेमकथेची ठिगळे नाहीत, खलपुरुष नाही, आणि जहाज हाच नायक. तरीही टायटॅनिकच्या जवळपास असूनही वेळेवर मदतीला न गेलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा कप्तान लॉर्ड, जो त्या रात्री कपड्यांनिशी नकाशांच्या खोलीतील कोचावर पडला होता, त्याला या चित्रपटाने रात्रीच्या पोशाखात बिछान्यावर निजवले. तो वृद्ध कप्तान तेव्हा हयात होता आणि त्याने आपली कैफियत मांडली. हयात माणसाला निदान दाद मागता येते.

मृताला ती मागता येत नाही, आणि इंग्लंडच्या कायद्यातही मृताची बदनामी हा फिर्यादीचा विषय होत नाही. या मोकळिकीचा १९९७ च्या ‘टायटॅनिक’ने कसा उपयोग केला, ते पाहावे. त्यात जहाजाचा प्रथम अधिकारी विल्यम मर्डॉक एका धनिक प्रवाशाने लाच म्हणून दिलेल्या नोटा खिशात ठेवून घेतो, पुढे त्या त्याच्या तोंडावर फेकतो, जिवाच्या आकांताने पुढे सरणाऱ्या प्रवाशांवर गोळ्या झाडतो आणि अखेर स्वतःच्या मस्तकात गोळी घालून घेतो. एका अधिकाऱ्याने आत्मघात केल्याचे काही प्रवाशांनी सांगितले हे खरे, पण तो कोण हे कधीच सिद्ध झाले नाही. आणि लाचेला तर तिळमात्रही आधार नाही. उलट बचावलेल्या चार अधिकाऱ्यांनी मर्डॉकच्या विधवेला पत्राने कळविले की, तो अखेरपर्यंत उजव्या बाजूची घडीची नौका पाण्यात सोडण्याच्या खटपटीत होता. जहाजाच्या डाव्या बाजूच्या नौकांत पुरुषांना बव्हंशी मज्जाव होता. मर्डॉकच्या बाजूला मात्र जवळपास स्त्रिया नसतील तर पुरुषांनाही जागा मिळत होती, आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले.

कलावंताला रचनेचे स्वातंत्र्य असते, ही मखलाशी येथे चालणार नाही. लाचखाऊ अधिकारी कथेला आवश्यकच होता, तर त्याला कोणतेही कल्पित नाव देता आले असते. नायक-नायिका कल्पित चालतात, मग दुराचारी तेवढा खराखुरा माणूस का असावा? तो खरा ठेवला तो खरेपणाची झळाळी फुकटात मिळावी म्हणून, आणि तिची किंमत स्कॉटलंडमधल्या डॅलबीटी या त्याच्या गावाने मोजली. १९९८ मध्ये चित्रपटसंस्थेच्या प्रतिनिधीने तेथे जाऊन दिलगिरी व्यक्त केली आणि शाळेतील मर्डॉकच्या स्मृतिपारितोषिकासाठी पाच हजार पौंड दिले. म्हणजे अन्याय झाल्याचे मान्य होते.

मग चित्रफितीत दुरुस्ती का झाली नाही? ती अशक्य होती असे कोणी म्हणू नये. रात्रीच्या आकाशातील नक्षत्रे चुकीची असल्याचे एका खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले, तेव्हा २०१२ च्या आवृत्तीत ती बदलून घेण्यात आली. मर्डॉकचे दृश्य मात्र तसेच ठेवले गेले आणि २०२३ मध्ये चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हाही ते तसेच होते.